दोघांचा प्रवास आणि घरचे छंद

प्रवास आणि घर ही एकमेकांची वैरी होत, अशी समजूत मराठी संसारात फार दिवस रुजलेली आहे. ज्याचे पाय घरात ठरत नाहीत तो भटक्या, आणि ज्याला उंबरठा ओलांडवत नाही तो घरकोंबडा, अशी सरळ वाटणी करून लोक मोकळे होतात. ही वाटणी नवराबायकोंतही होत असे. हिंडावयाचे ते पुरुषाने आणि घर धरून राहावयाचे ते बाईने. अहमदनगर शहराला, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या शहराला, या वाटणीचे एक उदाहरण ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा मोठा काळ याच गावात गेला. टिळक कवी आणि मनस्वी. मनात आले की उठावे आणि चालू लागावे, घरी कळवावे न कळवावे, असा त्यांचा स्वभाव. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी वाट पाहावी, मुलांचे करावे, घरात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पानाची सोय करावी. पुढे १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा महाराष्ट्राला कळले की, जो हिंडत होता त्याच्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, जी घरात होती तिने पाहून ठेवले होते. तरीही एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे दोघांनी मिळून एका वाटेने, एका वेगाने आणि एकमेकांच्या संमतीने केलेला प्रवास.

असा प्रवास आताच्या सावेडीतील एखाद्या दांपत्याला अशक्य राहिलेला नाही. सावेडी हे पूर्वी नगराबाहेरचे खेडे होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीतील मोठे उपनगर आहे. गुलमोहोर रोड, पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी या नावांवरूनच तेथे कोण राहावयास आले याचा अंदाज येतो. शिक्षक, प्राध्यापक, बँकेतील आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकरदार, कारखान्यांतील अभियंते अशांनी येथे घरे बांधली, मुले शिकविली, आणि ती मुले पुण्यास किंवा परदेशी गेल्यावर दोघेच मागे राहिली. अशा दोघांनी साठी उलटल्यावर, भाड्याची मोटार घेऊन, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तीन देशांतून स्वतः गाडी हाकीत जावयाचे ठरविले, तर त्यात त्यांना काय मिळेल आणि त्यांच्या घराला काय मिळेल, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

इतक्या उत्तरेच्या देशांशी नगरचा संबंध तो काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. हेनिंग होल्क-लार्सेन आणि सरेन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते कोपनहेगनच्या एका कंपनीच्या सिमेंटयंत्रांच्या कामासाठी हिंदुस्थानात आले. १९३८ साली त्यांनी मुंबईत भागीदारीत स्वतःचा धंदा मांडला. तीच लार्सन अँड टुब्रो. या कंपनीचा विजेच्या स्विचगिअरचा कारखाना पुढे नगरच्या औद्योगिक वसाहतीत आला. २०२० साली तो व्यवसाय श्नायडर या फ्रेंच कंपनीकडे गेला. सावेडीतील कित्येक घरांच्या चुली त्या कारखान्याच्या पगारावर पेटल्या. टुब्रो १९८२ साली वारले. होल्क-लार्सेन २००३ साली मुंबईतच निवर्तले. जो देश इतक्या वर्षांपूर्वी दोन माणसांच्या रूपाने आपण होऊन महाराष्ट्रात आला, त्या देशी एकदा जाऊन यावे, हे परतभेटीच्या रीतीला धरूनच आहे.

प्रवासाची तयारी हा त्यातला पहिला आणि कदाचित सर्वांत उपयुक्त भाग होय. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मोटार हाकण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा लागतो. तो एक वर्ष चालतो. तिन्ही देशांसाठी शेंगेन व्हिसा एकच पुरतो. नॉर्वे युरोपीय संघाचा सभासद नाही, तरी या व्यवस्थेत तो आहे. याशिवाय तीन देशांची तीन निरनिराळी चलने, दिवसाही मोटारीचे दिवे लावून ठेवण्याची सक्ती, आणि रस्त्याची उजवी बाजू. चाळीस वर्षे डावीकडून गाडी हाकणाऱ्याला हा शेवटचा नियम सर्वांत कठीण. स्टिअरिंग डाव्या हाताला, गिअर उजव्या हाताला, आणि प्रत्येक चौकात जुनी सवय चुकीच्या बाजूस ओढीत असते.

पण या बाबतीत स्वीडनचेच उदाहरण धीर देणारे आहे. स्वीडनमध्येही १९६७ पर्यंत वाहने डावीकडूनच चालत. १९५५ साली लोकांचा कौल घेतला, तेव्हा शंभरांतील त्र्याऐंशी जणांनी बदल नको असे सांगितले. तरीही सरकारने पुढे निर्णय घेतला, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे रस्त्यावरील सर्व वाहने थांबून, सावकाश उजव्या बाजूस जाऊन, पाच वाजता पुन्हा चालू लागली. एका सबंध राष्ट्राने एका पहाटे आपली सवय बदलली. तेव्हा दोन माणसांना, साठीनंतर का होईना, ती पंधरा दिवसांपुरती बदलता येऊ नये असे नाही. मात्र एकाने हाकावे तर दुसऱ्याने नकाशा पाहावा आणि ‘उजवीकडे’ म्हणून आठवण द्यावी. आणि ती आठवण ऐकणाऱ्याने रागावू नये. नवरा हाकणार आणि बायको केवळ खिडकीतून पाहणार, ही जुनी वाटणी येथे उपयोगाची नाही. परवाना दोघांचाही असावा. लांबच्या पल्ल्यात दर दोन तासांनी चालक बदलला तर ते सुरक्षिततेचे आहेच. शिवाय शेजारच्या जागेवर बसल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाचे ओझे कळत नाही, हेही खरे.

डेन्मार्कमध्ये पाहण्यासारखे पहिले म्हणजे तेथील सपाट, नीटनेटका शेतमुलूख. पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी १८८२ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी दुग्धशाळा काढली, आणि त्या वाटेने थोड्याच वर्षांत डॅनिश लोणी इंग्लंडच्या बाजारात मानाने विकू लागले. नगर जिल्ह्यातील माणसाला याचे अगत्य वाटावे हे साहजिक आहे. कारण लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठलाल मेहता यांच्या साह्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, तो १९५० साली चालू झाला. तिकडे दूध, इकडे ऊस, तत्त्व एकच. परदेशात जाऊन मनुष्य नवे पाहतो असे म्हणतात. पुष्कळदा तो आपलेच ओळखीचे काही निराळ्या वेषात पाहतो, आणि तेव्हाच त्याला त्याची किंमत कळते.

कोपनहेगनहून स्वीडनकडे जाताना ओरेसुंडची खाडी लागते. २००० सालच्या जुलैत तेथे वाहतूक सुरू झाली. ही वाट म्हणजे स्थापत्याचे एक नवलच आहे. कोपनहेगनच्या बाजूने मोटार आधी सुमारे चार किलोमीटर समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, मग माणसांनी भर घालून केलेल्या बेटावर वर येते, आणि तेथून जवळजवळ आठ किलोमीटरांच्या पुलावरून माल्मोस पोहोचते. सबंध पूलच का बांधला नाही, याचे कारण असे की, कोपनहेगनचा विमानतळ अगदी काठाशी आहे. पुलाचे उंच मनोरे विमानांच्या आड आले असते. बोगद्यामुळे जहाजांची वाटही मोकळी राहिली.

स्वीडनमध्ये राजधानी पाहून झाल्यावर पुष्कळ प्रवासी घाईने उत्तरेस निघतात. सावेडीच्या दांपत्याने तसे करू नये. स्टॉकहोमच्या वर उप्साला हे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाची बाग जतन केलेली आहे. १७०७ साली जन्मून १७७८ साली वारलेल्या या माणसाने जगातील वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ केली. १७५३ साली त्याने जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आंबा आहे, वड आहे, पिंपळ आहे, पारिजातक आहे, आणि सावेडीच्या अंगणातील तुळसही आहे. हिंदुस्थानची भूमी त्याने कधी पाहिली नाही. पानाफुलांचे वाळलेले नमुने, इतरांची वर्णने आणि चित्रे यांवरून त्याने हे केले. उत्तरेच्या थंड गावात बसून एका माणसाने पिंपळाला ‘धार्मिक’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण जोडले आणि पारिजातकाला ‘दुःखी वृक्ष’ म्हटले. पहाटे फुले गाळणारे झाड त्या नावाने दुःखी ठरले. येथील बायकांना त्याच फुलांनी परडी भरताना तसे कधी वाटले नाही. ज्या घरी बागेचा छंद आहे, त्या घरच्या माणसांना उप्सालाच्या त्या वाफ्यांपाशी उभे राहून जो आनंद होईल, तो राजवाडे पाहून होणार नाही. प्रवासात काय पाहावे हे बहुधा मार्गदर्शक पुस्तके ठरवितात; ते घरच्या छंदांनी ठरवावे, हे अधिक बरे.

नॉर्वेत शिरले की रस्त्याचे स्वरूप पालटते. समुद्राचे लांब हात डोंगरांत खोलवर घुसलेले आहेत. त्यांना फियॉर्ड म्हणतात. या पाण्यामुळे रस्ता अनेक ठिकाणी तुटतो आणि फेरीबोट हाच रस्त्याचा पुढचा तुकडा होतो. मोटारीसकट बोटीवर चढावे, काही मिनिटे वारा खावा, आणि पलीकडे उतरून पुढे लागावे. जेथे पाणी आडवे नाही तेथे डोंगर आडवा असतो. लेर्डालचा बोगदा २००० साली उघडला. तो साडेचोवीस किलोमीटर लांब आहे. इतका वेळ अंधारातून एकसारखे जाताना हाकणाऱ्याला ग्लानी येऊ नये, म्हणून आत तीन ठिकाणी मोठ्या गुहा कोरून त्यांत निळा प्रकाश सोडला आहे. ट्रोलस्टिगेनच्या घाटात अकरा तीव्र वळणे आहेत. १९३६ साली खुला झालेला हा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, आणि दरड कोसळली तर उन्हाळ्यातही बंद ठेवावा लागतो. नगरहून कल्याणकडे माळशेज घाटाने पावसाळ्यात उतरलेल्या माणसाला दरडीचे भय नवे नाही. फरक एवढाच की, तेथे धोका दिसताच रस्ता बंद होतो आणि तो बंद झाल्याबद्दल कोणी हुज्जत घालीत नाही.

नॉर्वेचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. १९५७ च्या एका कायद्याने तेथे कोणालाही मोकळ्या, नांगराखाली नसलेल्या जमिनीवरून चालण्याचा आणि तेथे तंबू ठोकण्याचा हक्क आहे. वस्तीच्या घरापासून किमान दीडशे मीटर दूर राहावे आणि एका जागी दोन रात्रींहून अधिक राहावयाचे असल्यास मालकास विचारावे, एवढ्याच मुख्य अटी. मोटार मात्र रस्ता सोडून नेता येत नाही. हा हक्क टिकला, कारण तो वापरणाऱ्याने मागे काही टाकून यावयाचे नाही, ही शिस्त टिकली. हक्क घेऊन यावयाचा तर ती शिस्तही बरोबर बांधून आणावी लागेल.

अशा रीतीने उत्तरेस जात राहिले, वाटेत रस्त्यावर रेंगाळणाऱ्या रेनडियरांना वाट दिली, की शेवटी नॉर्डकॅपचा सुळका येतो. अक्षांश ७१ च्या किंचित वर, समुद्रापासून तीनशे मीटरांहून उंच. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथे सूर्य मावळत नाही. नगरचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. तेथे तो अडीच महिन्यांचा. मौज अशी की, हजारो लोक ज्याला युरोपचे टोक समजून तेथे छायाचित्रे काढून घेतात, ते त्या बेटाचेही टोक नव्हे. शेजारचा एक सखल दांडा त्याहून दीड किलोमीटरभर उत्तरेस गेलेला आहे. तेथे मोटार जात नाही. जाऊन येण्यास सुमारे अठरा किलोमीटर पायी चालावे लागते. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी जावे. ज्यांचे नाहीत त्यांनी कड्यावर बसून तो दांडा पाहावा. त्यातही कमीपणा नाही. पण गुडघ्यांचा हा प्रश्न नॉर्डकॅपवर गेल्यावर विचारण्यापेक्षा दहा वर्षे आधी विचारलेला बरा.

रस्त्यांइतकेच, किंवा त्यांहून अधिक, पाहण्यासारखे आहे ते त्या देशांतील घर. तेथील हिवाळा लांब आणि काळोखी. माणसे कित्येक महिने भिंतींच्या आत कोंडलेली. त्यामुळे घरात बसून करावयाच्या गोष्टींना तेथे मोठी प्रतिष्ठा आहे. स्वीडनमध्ये कामातून उठून मंडळी कॉफी आणि गोड पाव घेण्यासाठी एकत्र बसतात, त्याला ‘फीका’ म्हणतात. मराठी ‘फिक्या’शी त्या शब्दाचे काही नाते नाही, ती कॉफी चांगली कडक असते. त्याच देशात १९०२ पासून अभ्यासमंडळे चालत आली आहेत. पाचदहा माणसांनी आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी किंवा सभागृहात जमावे आणि एखादी भाषा, एखादे वाद्य, एखादा ग्रंथ मिळून शिकावा. परीक्षा नाही, पदवी नाही. नॉर्वेतील सेल्बू गावच्या विणलेल्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांची एक आकृती असते. ती पाहून महाराष्ट्रातील कोणत्याही बाईला ठिपक्यांची रांगोळी आठवावी. डेन्मार्कमध्ये शहरातील लोक गावाबाहेर लहानसा तुकडा घेऊन त्यावर भाजी लावतात, आणि सुटीचा दिवस तेथील खोपटात घालवितात.

हे पाहून सावेडीतील दांपत्याने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. तिकडे थंडी माणसाला कोंडते, इकडे चैत्र-वैशाखाचे ऊन कोंडते. आणि कोंडलेल्या माणसाने शोधून काढलेल्या विद्या दोन्हीकडे आहेत. त्याच उन्हाला कामास लावून गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत घातले जातात. चिकाचा घाटा केव्हा उतरवावा हे ज्या हाताला कळते, त्या हाताची विद्या सेल्बूच्या सुयांहून उणी नाही. नगर हा पर्जन्यछायेतील मुलूख. पाणी मोजून वापरावयाचे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालून गच्चीवरच्या कुंड्यांत मेथी, मिरची, गवती चहा वाढविणारी घरे येथे पुष्कळ आहेत. कोणी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, कोणी पेटीवर जुनी नाट्यपदे बसवितो, कोणी टपालाची तिकिटे जमवितो. उणीव आहे ती एकीची. तो पेटी वाजवितो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते, आणि ती कुरडया घालते तेव्हा तो वर्तमानपत्र वाचीत असतो. छंद दोन असून ते एकाच घरात असूनही शेजारी नाहीत.

छंदाने माणूस कसा तगतो याचा पुरावा शोधण्यास उत्तरेस जावयास नको. सावेडीपासून थोड्याच अंतरावर अहमदनगरचा किल्ला आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद तेथे कैदेत होते. जवाहरलाल नेहरूंनी १९४४ साली तेथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सर्वांना ठाऊक असते. पण लिहिण्याखेरीज त्यांनी त्या दगडगोट्यांनी आणि जुन्या मलब्याने भरलेल्या जमिनीत भर उन्हात तासन्‌तास खणून फुलांचे वाफे तयार केले, हे त्या ग्रंथातच नमूद आहे. शेजारच्या खोलीत मौलाना अबुल कलाम आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करीत, आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडून मग मैत्री करीत. त्यांची ती पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली. त्याच पत्रांत एक पत्र १९४३ च्या एप्रिलचे आहे. मौलाना पकडले गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यास आजारी होत्या. त्यांची प्रकृती ढासळल्याच्या वार्ता किल्ल्यात येत राहिल्या. सरकारकडे भेटीची याचना करणे मौलानांना पटले नाही. आणि एप्रिलमध्ये त्यांच्या निधनाची वार्ता आली. उभा जन्म देशकार्यात आणि तुरुंगांत गेला. दोघांनी एकत्र घालवावयाचे दिवस पुढे पुढे जात राहिले आणि शेवटी आलेच नाहीत.

त्यांच्यापुढे देशाचे कारण होते. साध्या संसारात तितके थोर कारण नसते, तरी दिवस पुढे ढकलण्याची रीत तीच असते. मुलांची शिक्षणे होऊ देत, घराचे हप्ते फिटू देत, मुलीचे लग्न होऊ दे, निवृत्ती येऊ दे, असे म्हणता म्हणता एकाला मधुमेह जडतो, दुसऱ्याची दृष्टी मंदावते, आणि कित्येक घरी दोघांपैकी एकच उरते. भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारी पर्यटनाची जुनी माहितीपत्रके पडून असलेली घरे कोणत्याही गावात सापडतील. म्हणून उत्तरेचा प्रवास हा केवळ ऐपतीचा प्रश्न नाही. ज्यांना तो परवडेल त्यांनी, अंगात बळ आहे तोवर, दोघांच्या मताने तो आखावा. ज्यांना परवडत नाही त्यांनी एका मोटारीने किंवा बसने माळशेज उतरून पाहावे, भंडारदऱ्यास जावे. दोघांपैकी नकाशा कोणी पाहावयाचा हे तेथेही ठरवावेच लागते.

आणि घरच्या छंदाला तर व्हिसा लागत नाही, हप्ते फिटण्याची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ दोघांची म्हणून राखावी. त्याने कुरडयांच्या साच्यात चीक भरावा, तिने पेटीवर बोटे फिरवून पाहावीत. तिच्या कुंड्यांची नोंदवही त्याने लिहावी, त्याच्या पक्ष्यांची नावे तिने विचारावीत. शेजारच्या दोन घरांना बोलावून स्वीडनसारखे एखादे अभ्यासमंडळ काढता आले तर सोन्याहून पिवळे. हे आज संध्याकाळीही सुरू करता येते. दूरच्या प्रवासाचे नियोजन मग सवडीने करावे. मात्र फार सवडीने नव्हे.